साताऱ्याचा झेंडा नेमका कोणता? भगवं निशाण, जरीपटका आणि वेशीवरची काठी

प्रश्न असा आहे: विट्याजवळच्या एका गावातलं मंडळ वेशीशेजारी 'सातारा गादीचा मूळ झेंडा' कायमचा उभारणार आहे. त्यांना तीन चित्रं सापडली. एक साधा तिकोनी भगवा, एक दोन शेंड्यांचा भगवा आणि एक सोनेरी काठाचा. यातला खरा कोणता, रंग कोणता घ्यायचा, दोन शेंड्यांचा अर्थ काय, वीस फुटी काठीला माप किती आणि खाली फलकावर काय लिहायचं, हे त्यांना हवं आहे.

ही तीन चित्रं एकाच झेंड्याची तीन रूपं नाहीत, त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. तिकोनी ती पताका. ती वारीची, देवळाची, खांद्यावर घेऊन चालायची. दोन शेंड्यांचं ते निशाण, म्हणजे गादीचं, राज्याचं. आणि सोनेरी तो जरीपटका. तो गादीनं सेनापतीला, मोहिमेच्या मुख्याला दिलेला मान. त्यामुळे 'खरा कोणता' यापेक्षा 'आपण कोणाच्या नावानं उभारतोय' हे आधी ठरवा. गादीच्या नावानं उभारायचा असेल तर उत्तर सरळ आहे: दोन शेंड्यांचा, साधा भगवा. त्यावर अक्षर नाही, चित्र नाही, जर नाही.

'अधिकृत' हा शब्द मात्र कुठंच वापरू नका. महाराष्ट्र शासनाचं बोधचिन्ह आहे, पण राज्याचा असा वेगळा ध्वज नाही, आणि जिल्ह्याचा तर नाहीच. जम्मू-काश्मीरचा स्वतंत्र ध्वज २०१९ पर्यंत होता. कर्नाटकानं २०१८ साली पिवळा-पांढरा-तांबडा ध्वज राज्यासाठी पुढं केला. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. साताऱ्याचं निशाण हे इतिहासातल्या राज्याचं निशाण आहे, आणि तेवढं म्हणणं पुरेसं मानाचं आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या गावावर अवलंबून आहे. विटा ज्यात आहे तो खानापूर आणि वाळवा हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातलेच. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणून विट्याच्या माणसानं 'आमचा सातारा' म्हणणं बरोबरच आहे. पण आजच्या सांगली जिल्ह्यात सगळीकडे सातारा गादीचा थेट अंमल नव्हता. सांगली, मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, आणि तुमच्या शेजारचा आटपाडी महाल औंध संस्थानातला. औंध आणि जत ही साताऱ्याच्या जहागीरदारांपैकीच, पण त्यांचा कारभार वेगळा. गावचे जुने कागद, इनामाच्या नोंदी, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं एकदा बघा. गाव औंधाकडचं निघालं तर फलकावरचा मजकूर बदलेल, निशाण बदलायची गरज नाही.

आता इतिहास. आपण आज झेंडा म्हटलं की कापडाचा एक ठरलेला नमुना डोळ्यांपुढं आणतो. सतराव्या शतकात राज्याची चिन्हं अनेक असत आणि ती एकत्र मिरवत. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथं हजर होता. त्यानं सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हं टिपून ठेवली आहेत: उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची माशांची मुंडकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्याच्या टोकावर समतोल सोन्याचा तराजू. मासा, शेपट्या, तराजू, नौबत, छत्री आणि निशाण हा सगळा मिळून अधिकाराचा संच होता. निशाणाचं वजन त्याच्या नक्षीत नव्हतं. ते कोणाच्या हुकमानं उभं आहे, त्यात होतं.

हे समजायला लांब जायला नको. जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठ्या निघतात, तिथं पहिला मान साताऱ्याकडच्या पाडळीच्या काठीचा. उंची, कापड, तुरा यांवर तो मान ठरत नाही. दुसऱ्या गावानं याहून उंच काठी आणली म्हणून ती पुढं जात नाही. जुन्या सैन्यातलं निशाण असंच वाचायचं: कापड खूण आहे, हक्क मागं आहे.

साताऱ्यापुरतं बोलायचं तर १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि गादी इथं स्थिरावली. त्यानंतर अजिंक्यताऱ्यावरचं निशाण म्हणजे छत्रपतींचं निशाण. निशाणाचा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो तो फेब्रुवारी १८१८ मध्ये. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यावर आधी त्यांचं निशाण चढलं, आणि मग ते उतरवून छत्रपतींचा भगवा झेंडा लावला गेला. का? कारण आपलं भांडण पेशव्याशी आहे, गादीशी नाही, असा जाहीरनामा त्यांना लोकांच्या गळी उतरवायचा होता. छत्रपती प्रतापसिंह त्या घडीला पेशव्यांच्या छावणीत होते, ते आष्टीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे आले. म्हणजे राजा किल्ल्यावर पोचण्याआधी त्याचं निशाण पोचलं होतं. मावळ्यापासून कुणब्यापर्यंत कोणालाही वाचून दाखवायची गरज नसलेला तो जाहीरनामा होता. पुढं १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि १८४८ साली राज्य खालसा झालं. साताऱ्याचं निशाण राज्याचं म्हणून तिथं संपतं.

भगव्या रंगाच्या उगमाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक सज्जनगडाच्या परंपरेतली: शिवाजी महाराजांनी समर्थ रामदासांच्या झोळीत राज्याचं दानपत्र टाकलं, समर्थांनी ते परत देऊन 'आमच्या नावानं चालवा' म्हटलं आणि छाटीचं भगवं निशाण झालं. ही कथा नंतरच्या बखरीतली आहे. दुसरी मांडणी म्हणजे वारकऱ्यांची भगवी पताका आणि संन्याशाचं काषाय वस्त्र लोकांच्या ओळखीचं होतं, त्यातून हा रंग आला. दगडी फलकावर यातलं काहीही 'घडलं' म्हणून कोरू नका. परंपरा सांगायची असेल तर 'परंपरेनुसार' हा एक शब्द आधी ठेवा. गावात दोन्ही मतांची माणसं असतात आणि फलक पन्नास वर्षं उभा राहतो.

त्याग, अग्नी, उगवता सूर्य हे भगव्याचे अर्थ खोटे नाहीत, लोकांनी ते मनापासून धरले आहेत. फक्त ते रंगाचे अर्थ आहेत, निशाणाचा कायदा नव्हे. दोन शेंड्यांचंही तसंच. त्यांची 'भक्ती आणि शक्ती' अशी फोड ऐकायला छान आहे, पण ती आजची फोड म्हणूनच सांगावी. कामाच्या अंगानं बघितलं तर चिरलेल्या कापडाचे दोन शेंडे वाऱ्यात वेगवेगळे हलतात आणि धुळीतून, लांबूनही ती आकृती ओळखू येते. घोडदळाच्या फौजेला हेच लागतं.

रंगाची छटा हा वादाचा विषय होतो, म्हणून थोडं सविस्तर. पूर्वी भगवं कापड कावेनं, म्हणजे गेरूनं रंगवत. काव म्हणजे लोहाचं भस्म मिसळलेली माती. ती उन्हानं उडत नाही, पण धाग्यात मुरतही नाही. धुतलं, घासलं की झडते. पळसाची फुलं आणि करडईच्या कुसुंब्याचा रंग धाग्यात उतरतो, दिसतो तेजस्वी, पण उन्हात लवकर मावळतो. त्यामुळे एकच निशाण चैत्रात एका छटेचं आणि कार्तिकात दुसऱ्या छटेचं दिसणार. 'मूळ छटा' म्हणून कुठला आकडा शोधायचा प्रयत्न व्यर्थ आहे. दुकानात तीन ताके पुढं येतील: पिवळसर केशरी, झळाळता नारिंगी, आणि विटकरीकडे झुकणारा गडद भगवा. तिसरा घ्या. तो कावेच्या जवळ जातो, तिरंग्यातल्या केशरीपासून वेगळा दिसतो आणि थोडा उडाला तरी भगवाच राहतो. नारिंगी मात्र उडाला की पिवळट होतो.

घेण्याआधी तुकडा तपासा. पांढरा ओला रुमाल त्यावर वीस-पंचवीस वेळा जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्या वळिवात झेंडा काठीवर ओघळेल. दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस पत्र्यावर उन्हात ठेवा. दोन अर्ध्यांत लगेच डोळ्यात भरणारा फरक दिसला तर तो ताका सोडा.

कापड कोणतं, हे झेंडा किती दिवस वर राहणार यावर आहे. जयंतीचे दोन दिवस असेल तर सुती उत्तम, त्याची घडी आणि हालचाल देखणी. कायमचा असेल तर सुती पावसात पाणी पिऊन जड होतं, काठीला चिकटतं, बुरशी धरतं. तिथं पॉलिस्टरच हवं, तेही विणीला जरा जाड. बाजारात जयंतीच्या आधी येणारं चकचकीत साटीन कायमच्या काठीला लावू नका. त्याच्या कडा नुसत्या भाजून कापलेल्या असतात, आठवड्यात दोरे सुटतात.

माप. झेंड्याची लांबी काठीच्या उंचीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी असावी. वीस फुटी काठीला पाच ते सहा फूट. वेस गावठाणात घरांच्या आडोशाला असेल तर सहा बाय चार फूट ठेवा, उघड्या माळावर असेल तर पाच फुटांवर थांबा. साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आषाढातलं वारं झेंड्याची परीक्षा घेतं.

सहा बाय चारचा हिशेब देतो. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड सव्वादोन मीटर घ्या. ताणा, म्हणजे ताक्याचा उभा धागा, झेंड्याच्या लांबीत येऊ द्या. दुमड धरून अठ्ठ्याहत्तर बाय एकावन्न इंचाचा आयत कापा. कच्च्या खडूनं मधोमध आडवी रेघ मारा. काठीच्या बाजूपासून त्या रेघेवर चार फुटांवर खूण करा. या खुणेपासून वरच्या आणि खालच्या बाहेरच्या कोपऱ्यांपर्यंत दोन तिरप्या रेघा. मधला त्रिकोण काढला की दोन शेंडे तयार. म्हणजे खाच लांबीच्या साधारण एक तृतीयांश. यापेक्षा खोल खाच घेतली तर शेंडे पट्ट्यांसारखे होऊन एकमेकांत गुंततात, फार उथळ घेतली तर लांबून आयतच दिसतो.

आता सगळ्यात नाजूक जागा. या मापात दोन्ही तिरप्या कडा जवळपास पंचेचाळीस अंशांत, म्हणजे उरेबात (धाग्याला तिरप्या) येतात. उरेब कापड ओढलं की लांबतं. शिंप्यानं ती कड नुसती दुमडून मारली तर महिन्याभरात शेंडे लोंबतात आणि कड लाटेसारखी होते. म्हणून तिरप्या कडांना आतून सरळ धाग्याची पाऊण इंची पट्टी लावूनच दुमडायचं. आणि खाचेचं टोक. तिथं कापड फाटायला सुरुवात होतेच, कारण दोन शेंडे दोन दिशांना ओढतात. टोक सुईसारखं न ठेवता जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं गोल करा. दोन्ही बाजूंनी तळहाताएवढं ठिगळ लावा. काढलेल्या त्रिकोणातूनच ते निघतं, रंग तंतोतंत जुळतो. दुमड नीट बसावी म्हणून शिंपी टोकापाशी कात्रीनं चिरा देतात. त्या चिरा शिलाईच्या रेघेपर्यंत नेऊ देऊ नका, फाटायची सुरुवात तीच.

छत्तीस इंची पन्ह्याचंच कापड मिळालं तर जोड द्यावा लागेल. तो मधोमध देऊ नका. मधला जोड थेट खाचेच्या टोकावर येतो आणि दोन अशक्त जागा एकत्र होतात. वरचा भाग बत्तीस इंच, खालचा सोळा, असा जोड सरकवा.

बाकी शिलाई: वरची-खालची कड अर्धा इंच दोनदा दुमडून दोन टिपा, शेंड्यांच्या कडेला तीन टिपा, शेंड्याच्या टोकाला आतून सहा इंची जादा कापड. धागा पॉलिस्टरचा, इंचाला आठ-दहा टाके. सुती धागा आधी कुजतो आणि चांगलं कापड हातात राहून शिलाई उसवते. काठीच्या बाजूला दोन इंची नवार दोन पदरी शिवा आणि त्यात पितळी रिंगा बसवा. लोखंडी रिंगेचा गंज पहिल्याच पावसात भगव्यावर उतरतो, तो डाग जात नाही.

जरीपटक्याबद्दल. ग्रँट डफ, जो १८१८ नंतर साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्याच्या लिहिण्यानुसार राजाराम महाराजांच्या काळात संताजी घोरपड्यांना सेनापतिपदाबरोबर जरीपटका आणि नौबतीचा मान मिळाला. पुढं पेशवाईत मोठ्या मोहिमेबरोबर तो निघत असे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत तो मोरो दीक्षितांकडे होता. त्या दिवशी निघतानाच त्याची काठी मोडली आणि फौजेनं तो अपशकुन मानला. हा असा दिलेला मान आहे, तो आपण होऊन वेशीवर लावणं इतिहासाच्या दृष्टीनं चूक. मिरवणुकीत, पालखीपुढं, एका दिवसापुरता काढायचा असेल तर काढा. पण जर पावसात नेऊ नका. खरी जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असते, ती दमटपणानं काळवंडते. तांब्यावरची जर त्याहून लवकर. जरीचं कापड धुवायचं नाही. त्याची घडीही घालायची नाही, घडीच्या रेघेवर तार तुटते. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मऊ मलमल गुंडाळून त्यावर जर बाहेरच्या अंगाला येईल असं सैल गुंडाळून ठेवा.

काठीकडं येऊ. जुन्या दगडी वेशीला भोक पाडून लोखंडी क्लँप ठोकू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं. काठी वेशीपासून सुटी, बाजूला उभी करा. वेस किंवा जवळचा तट संरक्षित स्मारक असेल तर १९६० च्या राज्य कायद्याखाली तिथं खणायलाही परवानगी लागते, म्हणून ग्रामपंचायतीच्या ठरावाबरोबर ते आधी विचारून घ्या. वीस फुटी उंचीला दोन इंची जाड गॅल्व्हनाइज्ड पाइप चालतो. पाया किमान तीन फूट. काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, काठी कलते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर चार इंच आणि बाहेर उतरता ठेवा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. पाइपाचं वरचं तोंड टोपीनं बंद करा. विजेच्या तारांपासून अंतर काठीच्या उंचीपेक्षा जास्त हवं, पडली तरी तारेला लागू नये. दोरीसाठी कप्पी पितळी किंवा स्टीलची, आणि दोरी बांधायचा खुंटा हाताला येईल पण लहान पोरांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर.

तिरंग्याचं स्थान आत्ताच ठरवून टाका. तुमच्या भागात झेंडा म्हटलं की १९४२ ही आठवतं. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे हातातल्या तिरंग्यासह गोळ्या झेलून पडले. गावात हुतात्मा स्मारक किंवा पंचायतीचा ध्वजस्तंभ असेल तर भगव्याची काठी त्याला लागून नको आणि त्याच्यापेक्षा उंच तर नकोच. ध्वजसंहितेप्रमाणे दुसरा कोणताही झेंडा राष्ट्रध्वजाच्या वर किंवा बरोबरीनं लावता येत नाही, आणि एकाच काठीवर दोन्ही तर अजिबात नाहीत. सगळ्यात सोपं म्हणजे जागाच वेगळ्या ठेवणं: तिरंगा चावडीसमोर, भगवा वेशीला.

दोन झेंडे एकदम शिवून घ्या. एक वर, एक पेटीत. शेंड्यांची टोकं विरायला लागली की लगेच उतरवून चार बोटं कापून नव्यानं दुमडा. असं दोनदा करता येतं, तिसऱ्यांदा झेंडा आखूड दिसतो. विरलेलं टोक तसंच ठेवलं तर आठ दिवसांत फाट खाचेपर्यंत येते. मृगापासून नवरात्रापर्यंत वादळी दिवशी उतरवून ठेवण्यात कमीपणा नाही. फाटका झेंडा वर फडकणं त्याहून वाईट दिसतं. हे काम एका माणसाच्या नावानं नेमून द्या, मंडळाच्या नावानं दिलं की कोणीच बघत नाही.

फलकावर एवढंच पुरे: 'सातारा येथील छत्रपतींच्या राज्याचे भगवे निशाण. गादी स्थापना १७०८, राज्य खालसा १८४८.' खाली गावाचं नाव आणि उभारल्याची तारीख. गाव औंधाकडचं निघालं तर पहिल्या ओळीनंतर 'हे गाव औंध संस्थानात होते' अशी एक ओळ वाढवा. देणगीदारांची नावं वेगळ्या पाटीवर, काठीच्या मागच्या बाजूला घ्या. कोरण्याआधी मजकूर कागदावर काढून देवळात आठ दिवस चिकटवा, तारीख चुकली असेल तर गावातलं कोणीतरी वेळेत सांगेल.